थांबण्याचा फंडा

जीपवाल्या कुठल्याही पोराला विचारा, ‘गाडीला काय काय केलंस?’ की तो सुटलाच! ३१ इंची टायर, वर लाइट्सची रांग, पुढे जाडजूड बुल बार (डिसेंबर २०१७ मध्ये सरकारने त्यावर कारवाई करायला सांगितलं, पण ते जाऊ दे), म्युझिक सिस्टिम, मागच्या काचेवर डरकाळी फोडणारा वाघ. सगळं ऐकून झाल्यावर हळूच विचारा, ‘आणि ब्रेक?’ दोन सेकंद शांतता. मग उत्तर येतं, ‘आहेत ना यार. लागतात.’

लागतात! सांगायची गंमत म्हणजे आमच्या घरीही वर्षानुवर्षं हेच उत्तर होतं. फक्त देणारे कुणी पोरगे नव्हते, आमचे बाबा होते.

बाबांची जीप म्हणजे महिंद्राची एमएम ५४०, मॉडेल १९९१. डिझेल इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह, चारही चाकांना ड्रम ब्रेक. बूस्टर नाही. म्हणजे तुमच्या-माझ्या ऑफिसच्या कॅबमध्ये ड्रायव्हर अंगठ्याच्या जोरावर जो ब्रेक लावतो, तो इथे अख्ख्या मांडीच्या जोरावर लावायचा. बाबांनी ३० वर्षं लावला. पुणे ते दापोली, ताम्हिणी नाहीतर वरंधा, आजीला घेऊन, आंब्याच्या पेट्या घेऊन, एकदा तर चक्क शिवणयंत्र घेऊन. २०२२ साली त्यांच्या उजव्या गुडघ्याची वाटी बदलली. उजवा पाय! ब्रेकचा पाय!

डॉक्टरांनी चालायला सांगितलं, जिने चढायला सांगितलं, मांडी घालून बसू नका म्हणाले. जीपबद्दल त्यांना कुणी विचारलंच नाही. बाबा मुद्दामच बोलले नसणार, असा माझा आणि आईचा दाट संशय आहे.

२०२३ च्या मे महिन्यात ताम्हिणी उतरताना वास आला. जळक्या वायरसारखा, थोडा आंबूस, नाकात बसणारा. गाडी बाबाच चालवत होते. त्यांनी पेडल दाबलं, पेडल दगडासारखं कडक होतं, आणि गाडी मात्र हवी तशी हळू होईना. आरडाओरडा झाला नाही. बाबांनी दुसरा गिअर टाकला, मग पहिला, कडेच्या रुंद जागेत गाडी उभी केली आणि म्हणाले, ‘चहा आहे का थर्मासमध्ये?’ अर्धा तास आम्ही चहा पीत, ड्रम गार व्हायची वाट बघत बसलो. आजी मागच्या बाकावर झोपलेली होती, ती झोपेतच राहिली. घरी आल्यावर आईने एकच वाक्य टाकलं, ‘एक तर गाडी विका, नाही तर ब्रेकचं बघा.’ आणि हे ‘बघणं’ माझ्याकडे आलं. का, तर मी फ्रीलान्स करते, म्हणजे दिवसभर रिकामी असते, असा घरातल्या सगळ्यांचा ठाम समज आहे. असो!

तर आता फंडा. त्या दिवशी झालं त्याला म्हणतात ब्रेक फेड. ब्रेक म्हणजे गाडीच्या वेगाचं उष्णतेत रूपांतर करणारं यंत्र, बस. घाटात ही उष्णता किती होते याचा हिशोब मी कागदावर केला आणि स्वतःच हादरले. माणसं-सामान धरून जीपचं वजन १५०० किलो समजा. ६० च्या स्पीडवरून ती पूर्ण थांबवली की एक ठरावीक ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. आता हीच जीप ५०० मीटर उंचीवरून खाली आणायची आणि सगळा भार ब्रेकवरच टाकायचा, तर ती ऊर्जा होते साधारण ३५ पट. म्हणजे ६० वरून शून्य, ६० वरून शून्य, असं ओळीने ३५ वेळा, मध्ये गार व्हायला उसंत नाही! ड्रममध्ये लायनर आतल्या बाजूने घासतात, बंद डब्यात. उष्णता बाहेर पडायला वाट कमी. लायनर एका मर्यादेपलीकडे तापले की त्यांची पकड घसरते. शिवाय ड्रम तापून किंचित फुगतो, म्हणजे शूपासून लांब जातो.

इथे एक गोष्ट प्लीज लक्षात ठेवा, गाडी जीप असो वा अल्टो. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर लायनर तापलेत. पेडल मऊ झालं, स्पंजसारखं खाली जातंय, तर ब्रेक ऑइल उकळलंय किंवा पाइपात हवा आहे. दुसरा प्रकार जास्त वाईट. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, त्याचा तो स्वभावच आहे. डॉट ३ जातीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांना उकळतं, पाणी प्यायलेलं असेल तर ही मर्यादा १४० पर्यंत उतरते. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. म्हणून ऑइल दर दोन वर्षांनी बदलायचं, ते काळं दिसतंय की नाही याची वाट न बघता. तुमच्या गाडीचं शेवटचं कधी बदललंय? बघा, आठवत नाही!

मग सुरू झाली गॅरेजयात्रा. मुलगी गॅरेजमध्ये जाते तेव्हा काय होतं हे वेगळं सांगायला नको. मी प्रश्न विचारायचा आणि मिस्त्रींनी उत्तर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या मावसभावाला द्यायचं. मावसभाऊ बँकेत आहे. त्याला स्टेपनी बदलता येत नाही. एका गॅरेजमध्ये तर ‘मॅडम, चारही चाकांना डिस्क टाकून देतो, एकदम स्पोर्टी’ असं सांगून वर पॅकेज डीलसुद्धा ऑफर झालं, सीट कव्हर फ्री! तिथून मी निघाले.

का निघाले? कारण चारही चाकांना डिस्क ही जुन्या जीपसाठी चांगली आयडिया असेलच असं नाही. ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं. जीप उंच आणि आखूड, म्हणून ती जास्तच झुकते. मागची चाकं हलकी होतात. त्या हलक्या चाकांवर ब्रेकचा जोर जास्त पडला तर ती पुढच्यांच्या आधी लॉक होतात आणि गाडीचं शेपूट पुढे यायला बघतं. ओल्या रस्त्यावर हे कसं वाटेल याची कल्पना करा. म्हणजे नुसता जोर वाढवून भागत नाही, तो पुढे-मागे नीट वाटला जायला हवा. साधा, परवडणारा आणि शहाणा मार्ग म्हणजे पुढे डिस्क, मागे चांगले दुरुस्त केलेले ड्रम. खोटं वाटत असेल तर महिंद्राचीच थार घ्या. २०१० ची पहिली थार पुढे डिस्क मागे ड्रम घेऊन आली, आणि २०२० ला नवीकोरी थार आली तीही तशीच.

शेवटी सापडले ते हडपसरकडचे एक म्हातारे मिस्त्री. दुकानावर पाटी नाही, फक्त एक निळा पत्रा. मावसभावाकडे बघितलंही नाही, थेट मला विचारलं, ‘गाडी चालवतं कोण?’ बाबांचा गुडघा सांगितल्यावर म्हणाले, ‘मग आधी बूस्टर, मग डिस्क. पण त्याच्याही आधी आहे ते नीट करून बघू.’ यांना मी त्याच मिनिटाला मनातल्या मनात गुरू केलं.

‘आहे ते नीट’ म्हणजे काय? चारही ड्रम उघडले. मागच्या एका व्हील सिलिंडरमधून ऑइल पाझरत होतं, लायनर त्यात भिजलेले. पुढचे दोन ड्रम अंडाकृती झालेले. रबरी होज इतके जुने, की पेडल दाबलं की ते फुग्यासारखे किंचित फुगायचे, म्हणजे आपल्या पायातला अर्धा जोर होज फुगवण्यातच खर्च. आतली धूळ मात्र मिस्त्रींनी हवेच्या पाइपने उडवली नाही, ओल्या फडक्याने पुसली. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतं, ते फुप्फुसात गेलं की निघत नाही. हे त्यांना कुणी शिकवलं विचारलं तर म्हणाले, ‘माझा उस्ताद खोकून खोकून गेला.’ त्यावर मी काय बोलणार होते?

हे एवढं केलं तरी जीप पहिल्यापेक्षा बरीच शहाण्यासारखी थांबायला लागली. माझं स्पष्ट मत आहे, की ज्यांना ‘अपग्रेड’ हवं असतं त्यातल्या निम्म्या लोकांना खरं तर सर्व्हिसिंग हवं असतं. आणि उरलेल्यातल्या बऱ्याच जणांनी मोठे टायर काढले तरी पुरे! २८ इंची चाकाच्या जागी ३१ इंची लावलं, की तेवढाच पाय मारून रस्त्यावर मिळणारा ब्रेक १० टक्क्यांच्या आसपास कमी होतो. साधा तरफेचा नियम आहे, आठवीच्या विज्ञानातला. वर चाक जड झालं ते वेगळंच. गाडी भारी दिसते, थांबते मात्र कमी.

पण आमचा प्रश्न बाबांच्या पायाचा होता, आणि तो सर्व्हिसिंगने सुटणारा नव्हता.

आता बूस्टर आधी का, ते बघा. ड्रमची एक खुबी आहे. शू फिरत्या ड्रमला टेकला, की ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढतो आणि शू आणखी घट्ट रुततो. म्हणजे ड्रम स्वतःच स्वतःला मदत करतो. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपचं ९ इंची ड्रमवर आणि सैनिकाच्या पायावर भागून गेलं. डिस्कला ही आयती मदत नाही. पॅड दोन्ही बाजूंनी चकती दाबतात, दाबाल तेवढंच फळ. म्हणून डिस्कला पाइपात जास्त दाब लागतो. बूस्टर नसताना नुसती डिस्क टाकली तर पेडल आधीपेक्षा जड होण्याचीच शक्यता जास्त! ‘स्पोर्टी’ पॅकेजवाल्याने बूस्टरचा ‘ब’ सुद्धा काढला नव्हता, हे इथे नमूद करते.

बूस्टर चालतो व्हॅक्यूमवर. पेट्रोल इंजिनात हा व्हॅक्यूम फुकट मिळतो, कारण हवा आत घेण्याच्या वाटेवर झडप असते. आपल्या जुन्या डिझेलला ती झडपच नाही. मग वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. बऱ्याच देशी डिझेल गाड्यांमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. आम्हीही तसा अल्टरनेटर घेतला. बूस्टरला जागा करताना मिस्त्रींनी दोन दिवस मोजमापं घेतली, एक ब्रॅकेट बनवलं, नापसंत करून फेकलं, दुसरं बनवलं.

त्यानंतर डिस्क, कॅलिपर आणि नवा मास्टर सिलिंडर. हा मास्टर सिलिंडर म्हणजे सगळ्या प्रकरणाचा मेंदू, आणि जुगाड करणारे नेमके इथेच पैसे वाचवतात. ड्रमसाठीच्या जुन्या व्यवस्थेत बऱ्याचदा एक छोटा व्हॉल्व्ह असतो, जो पाय काढल्यावरही पाइपात थोडा दाब राखून ठेवतो. ड्रममधल्या स्प्रिंगा शूला मागे खेचतात म्हणून तिथे तो चालतो. डिस्कला अशी स्प्रिंग नाही. तोच दाब डिस्कला मिळाला तर पॅड सतत चिकटून राहतात, डिस्क लालभडक होते आणि ज्या फेडपासून पळायचं तोच पुन्हा दारात. शिवाय कॅलिपरचे पिस्टन मोठे, त्यांना ऑइल जास्त लागतं. जुन्या सिलिंडरने ते पुरवायचं तर पेडल फार खाली जातं. उलट सिलिंडर गरजेपेक्षा जाड घेतला तर पेडल छोटं पण जड. गणित जुळवूनच घ्यावं लागतं. नव्याचा आणखी एक फायदा म्हणजे तो टँडम आहे, दोन स्वतंत्र सर्किटवाला. फार जुन्या जीपमध्ये सगळ्या चाकांना मिळून एकच सर्किट असायचं. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले, राम म्हणा! टँडममध्ये एक सर्किट गेलं तरी दुसरं थोडं तरी थांबवतं.

सुटे भाग शोधायला नाना पेठेत तीन शनिवार गेले. मला तिथे मजा आली, खोटं कशाला बोलू. पण नियम एकच ठेवला. काही भाग जुन्या बाजारातले चालतील, ब्रेकचे नाहीत. सिलिंडर, होज, पॅड, सील सगळं नवं, पक्क्या बिलासकट. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते, ती वाचायची. आणि घ्यायच्या आधी आपलं चाक त्या कॅलिपरवर बसतंय का ते बघायचं, नाही तर रिम घासते आणि मग नव्या रिमचा खर्च.

सगळं मिळून खर्च झाला ३८ हजार. माझे दोन महिन्यांचे चेक. मैत्रीण म्हणाली, ‘अगं, यात बँकॉक झालं असतं!’ झालं असतं.

कागदपत्रांचंही बघून घ्या. आरसीवर नोंदलेले तपशील बदलतील असे फेरफार गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे बजावलंय. ब्रेकचा बदल करायच्या आधी मी आरटीओत विचारून आले आणि इन्शुरन्स कंपनीला लेखी कळवलं. गाडी १५ वर्षांच्या वरची, दर ५ वर्षांनी फिटनेसला उभी राहणार, तिथे ‘हे काय लावलंय?’ ऐकायचं नव्हतं.

ब्लीडिंगच्या दिवशी, म्हणजे पाइपातली हवा काढायच्या दिवशी, बाबा स्वतः आले. तोवर ते रुसलेलेच होते. ‘ओरिजिनल गाडीची वाट लावताय’ हा त्यांचा मुद्दा, आणि तो अगदीच चुकीचा होता असंही नाही. गाडीत जे कंपनीने दिलं नाही ते घालताना काहीतरी जातंच. पण मिस्त्रींनी त्यांना काही समजावलं नाही. नुसतं म्हणाले, ‘साहेब, बसा आत. पेडल तुम्ही मारा.’ सुरुवात सर्वांत लांबच्या चाकापासून, मागचं डावं. मग मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. मिस्त्री चाकाखालून ओरडणार ‘दाबा!’, बाबा दाबून ‘धरलं!’, निपल सैल, बुडबुडे, निपल घट्ट, ‘सोडा!’ असं ५०-६० वेळा. मी बाटलीतलं ऑइल कमी होऊ देत नव्हते आणि रंगावर सांडू देत नव्हते, कारण हे ऑइल रंग खातं. शेवटी इंजिन चालू केलं, बूस्टरला व्हॅक्यूम मिळाला आणि बाबांच्या पायाखालचं पेडल अलगद खाली गेलं. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी पाय काढला. पुन्हा ठेवला. पुन्हा काढला. मग गुडघ्यावरून हात फिरवला.

एक सूचना इथेच देऊन ठेवते. इंजिन बंद पडलं की बूस्टर दोन-तीन वेळा मदत करतो, मग नाही. म्हणून उतारावर इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये गाडी सोडून डिझेल वाचवणारे जे कोणी महाभाग आहेत, त्यांनी हे सोडावं. घाटात गाडी गिअरमध्येच हवी. ब्रेक कितीही नवे असले तरी ते ३५ पटीचं गणित बदलत नाही. डिस्क लवकर गार होते एवढंच, पण उतरायचं काम मुख्यतः इंजिनाने करायचं. कच्च्या, तीव्र उतारावर फोर व्हील लो आहेच की. (कोरड्या डांबरावर मात्र नको, जुन्या जीपची यंत्रणा आत पिळवटते.)

नवे पॅड लावल्या लावल्या घाटात न्यायचे नसतात. मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये जरा वारा खाऊ देत, असं दहाएक वेळा केलं. मग पुढच्या शनिवारी ओढ्यातून गाडी घातली. ड्रममध्ये पाणी साचून राहायचं, पलीकडे गेल्यावर पहिले दोन-चार ब्रेक नुसते नावाला लागायचे. डिस्क फिरता फिरता पाणी झटकते आणि पॅड उरलेलं पुसतात. मागे अजून ड्रमच आहेत, म्हणून पाण्यातून निघाल्यावर थोडा वेळ पेडलवर हलका पाय ठेवून ते वाळवायचे, ही बाबांची जुनी सवय तशीच चालू आहे.

दिवाळीनंतर आम्ही वरंध्यातून दापोलीला गेलो. बाबा चालवत होते, मी शेजारी, कान टवकारून, नाक तर त्याहून जास्त. वास आला नाही. बाबांनी दुसरा गिअर शेवटपर्यंत सोडला नाही. उतरून झाल्यावर थांबून मी पुढच्या चाकांजवळ हात नेऊन बघितला. गरम होती, पण हात मागे घ्यावा लागेल इतकी नाही.

एक अडचण मात्र राहिलीय. ३० वर्षं मांडीच्या जोरावर ब्रेक लावलेल्या माणसाला अंगठ्याने लावायची सवय एका महिन्यात होत नाही. गावात शिरताना रस्त्यात कोंबडी आली, बाबांनी जुन्या हिशोबाने पाय मारला आणि जीप जागच्या जागी उभी! थर्मास पुढे, पिशव्या पुढे, मावसभावाचा मोबाइल बॉनेटवर. आजी या खेपेला जागी होती. तिने पदर सावरला, कोंबडीकडे बघितलं, बाबांकडे बघितलं आणि म्हणाली, ‘अरे, थांबायचंच होतं तर आधी सांगायचंस.’ आता सीट बेल्टसाठी नाना पेठेत परत जातेय.